बाबासाहेबांच्या किरायाच्या घराचे स्मारक झाले. किरायेदाराच्या हक्काचा कायदा कधी होणार?

नागपुरात खोली शोधायला निघालेल्या आपल्या पोरापोरींना घरमालक पहिला प्रश्न किरायाचा विचारत नाही. तो विचारतो, "आडनाव काय?" उत्तर मेश्राम, गजभिये, रामटेके किंवा खोब्रागडे असे आले की पुढचे संवाद ठरलेले असतात. "खोली कालच गेली." "घरच्यांना विचारून सांगतो." "आमच्याकडे फक्त व्हेजिटेरियन चालतात." आडनावावरून अंदाज आला नाही तर "गाव कोणते, वस्ती कोणती, वडील काय करतात" असे प्रश्न येतात आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नाला घरमालकाला हवे ते समजते. तोंडाने जातीचे नाव कोणीच घेत नाही. म्हणूनच तक्रार करायला गेलो की आपल्यालाच विचारले जाते, "पुरावा काय?"

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीहून शिकायला किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेली मुले, मिहानमध्ये नोकरी लागलेली मुले, बदली होऊन आलेले आपले कर्मचारी, या सगळ्यांना हा अनुभव नवा नाही. मग ते इंदोरा, बेझनबाग, रामेश्वरी या आपल्या वस्त्यांकडे वळतात. कॉलेज किंवा ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला असले तरी रोजचा तास-दीड तास प्रवास करतात. आपण याला "अ‍ॅडजस्ट करणे" म्हणतो. मी याला हक्काचा प्रश्न म्हणते आणि तो तसाच मांडला पाहिजे, असा या लेखाचा आग्रह आहे.

लंडनचे घर आणि बडोद्याची धर्मशाळा

लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता आज आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ च्या काळात बाबासाहेब तिथे किरायाने राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने कोट्यवधी रुपये खर्चून ते घर विकत घेतले आणि स्मारक केले. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्याच बाबासाहेबांना आपल्या देशात किरायाने जागा मिळाली नव्हती. त्या जागेची आठवण सरकारला किती आहे?

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होते. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथे फक्त पारश्यांनाच राहता येत असे, म्हणून पारशी नावाने नोंद करून ते राहिले. जेवणाखाण्यासह रोजचा दर दीड रुपया ठरला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायचा हुकूम देऊन गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही आपापल्या परीने असमर्थता दाखवली. शेवटी मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनात हे सगळे आहे.

हा प्रसंग आपण भाषणात डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगतो. मी तो भाडेकरूच्या हक्काच्या नजरेने वाचायला सांगते. बाबासाहेबांनी दर थकवला होता का? नाही. जागेची नासधूस केली होती का? नाही. मुदत संपली होती का? तेही नाही. चांगला भाडेकरू व्हायला जे जे लागते ते सगळे त्यांच्याकडे होते. परदेशी पदव्या होत्या, संस्थानची नोकरी होती, पगार होता. तरी जागा गेली, कारण जागा मिळवताना आणि टिकवताना जो खरा निकष होता तो पैशाचा नव्हता. आज १०० वर्षांनंतर पॅकेजवाल्या आपल्या इंजिनिअर मुलाला जो नकार मिळतो, त्याचे मूळ तेच आहे. शिकलो, कमावते झालो की हा प्रश्न आपोआप सुटेल असे मानणाऱ्यांनी बडोदा पुन्हा वाचावे.

करारानंतरचा कायदा आहे, करारापूर्वीचा नाही

भाडेकरूसाठी कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हव्यात. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही" हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. कलम २९ नुसार पाणी, वीज अशा आवश्यक सेवा तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. भाडे घेतले की पावती देणे बंधनकारक आहे.

घरमालकालाही या कायद्यात संरक्षण आहे आणि ते मान्य केले पाहिजे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ नुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मिळवता येतो आणि तोपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणजे "किरायेदार घर बळकावतो" ही भीती असेल तर तिच्यावर कायद्यात उपाय आहे. त्यासाठी आडनाव विचारावे लागत नाही.

पण हे सगळे हक्क करारावर सही झाल्यानंतर सुरू होतात. आपल्या पोराला सहीपर्यंत पोचूच दिले जात नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाबद्दल हा कायदा काही बोलत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत रक्कम जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी असावी, मालकाने आत येण्यापूर्वी २४ तास आधी कळवावे, अशा चांगल्या तरतुदी आहेत. जात किंवा धर्म पाहून घर नाकारू नये, असे मात्र त्यात कुठेही लिहिलेले नाही. नमुना तयार करणाऱ्यांना प्रश्न माहीत नव्हता असे कसे म्हणायचे? विदर्भाचेच सुपुत्र असलेले सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास करून तो २०१५ सालीच प्रसिद्ध केला होता. सवर्ण नावाने घर मागितले तर दार उघडते, दलित नावाने अनेकदा बंद होते आणि मुस्लिम नावाने त्याहून जास्त वेळा बंद होते, हे त्यांनी प्रत्यक्ष घरमालकांशी संपर्क करून दाखवले.

न्यायालयानेही निराशा केली. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेने सदस्यत्व फक्त पारश्यांपुरते ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. समतेचा मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध आहे, खासगी संस्थेविरुद्ध नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. इथे मुद्दा पारशी समाजाचा नाही. जी सवलत एका लहान अल्पसंख्य समाजाला मिळाली, तीच युक्ती जातीच्या आणि 'व्हेज'च्या नावाने उद्या प्रत्येक सोसायटी वापरू शकते, हा धोका आहे.

इंग्लंड-अमेरिकेने काय केले?

इथे काही मित्र म्हणतात, "खासगी माणसाच्या घरात सरकार कसे शिरणार?" जग याच प्रश्नातून गेले आहे. इंग्लंडमध्ये एकेकाळी किरायाच्या घरांवर काळ्या लोकांना आणि आयरिश लोकांना मनाई असल्याच्या पाट्या लागत. तिथे १९६५ साली पहिला वंशभेदविरोधी कायदा झाला, पण तो हॉटेल, उपाहारगृह अशा सार्वजनिक जागांपुरता होता. तेवढ्याने भागत नाही हे तीनच वर्षांत कळले आणि १९६८ च्या कायद्याने घर आणि नोकरी त्यात आणली. अमेरिकेतही ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर एका आठवड्यात फेअर हाउसिंग कायदा झाला. त्याआधी १९६६ मध्ये किंग यांनी शिकागोत याच मागणीसाठी मोर्चे काढले होते. आपल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेल, विहिरी, तलाव यांचा उल्लेख १९५० पासून आहे. म्हणजे इंग्लंड १९६५ साली जिथे होते तिथे आपण पंधरा वर्षे आधी पोचलो. पण त्यांनी तीन वर्षांत पुढचे पाऊल टाकले आणि आपण तिथेच थांबलो.

तिकडे सगळे आलबेल आहे असे समजू नका. वंशभेदाविरुद्धच्या कायद्यात जात हा शब्द नव्हता, म्हणून जात विमानात बसून तिकडे गेली आणि आरामात राहिली. ब्रिटिश संसदेने २०१३ साली समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले. सनातनी संघटनांनी विरोध केला आणि २०१८ साली सरकारने हात झटकले. न्यायालयीन निकाल पुरेसे आहेत, असे कारण दिले. अमेरिकेत मात्र २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घालणारा कायदा केला. पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी तो मांडला आणि त्यात नोकरीबरोबर घराचाही समावेश आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नरांनी ते अडवले. म्हणजे लढाई तिथेही चालू आहे आणि ती आपलीच माणसे लढत आहेत.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनी यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी घ्याव्यात. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात अनामत रक्कम सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. तिथल्या २०२५ च्या नव्या कायद्याने कारण न देता घर खाली करायला लावण्याची पद्धत १ मे २०२६ पासून बंद करायचे ठरवले आहे, तसेच एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडे मागण्यावरही बंधन घातले आहे. पण घरमालकाच्याच घरातली एखादी खोली घेतली, तर हे संरक्षण बरेच कमी होते. नवखी मुले नेमकी अशाच खोल्यांत जातात, कारण भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या लवकर मिळतात. आणि त्याच ग्रुपवर "फक्त व्हेज", "फॅमिली बॅकग्राउंड सांगा" हे शब्दही असतात. लंडनला गेल्यावरही आडनाव विचारले गेले तर दचकू नका. विचारलेला प्रश्न, तारीख आणि मेसेज जपून ठेवा.

"माझे घर, माझी मर्जी"

हा सगळ्यात मोठा आक्षेप आहे, तेव्हा त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. घरमालक किराया परवडतो का हे विचारू शकतो. ओळखपत्र, नोकरीचा पुरावा, किती माणसे राहणार, किती काळ राहणार हेही विचारू शकतो. पोलिसांकडे माहिती देऊ शकतो. यातले काहीही आपण नाकारत नाही. पण एकदा 'किरायाने देणे आहे' अशी पाटी लावली, दलालाला सांगितले, अ‍ॅपवर फोटो टाकले, की ते घर बाजारात आले. बाजारात आलेली वस्तू पैसे देणाऱ्या प्रत्येकाला समान अटींवर मिळाली पाहिजे.

अमेरिकेच्या कायद्याने यात एक सूट ठेवली आहे. मालक स्वतः राहतो अशा, चारपेक्षा जास्त घरे नसलेल्या इमारतीला तो कायदा बऱ्याच अंशी लागू होत नाही. मात्र भेदभावाची जाहिरात करायला तिथेही बंदी आहे. घरपण आणि धंदा यात फरक करता येतो, हे यातून दिसते. ती सूट आपण जशीच्या तशी घ्यावी असे मी म्हणत नाही, कारण आपल्याकडे वरचा मजला किरायाने देणारे मालकच जास्त आहेत. पण "फरक करताच येत नाही" हा बचाव तरी उरत नाही.

आणि हे बाहेरून आणलेले तत्त्व नाही. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने याच भूमिकेचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्था कलम १५(२) च्या कक्षेत आणल्या. खासगी कॉलेज जर या अर्थाने 'दुकान' असेल, तर दहा खोल्यांचे पीजी चालवणारा घरमालक का नाही? हा युक्तिवाद आपल्या वकिलांनी न्यायालयात रेटला पाहिजे.

गंजत पडलेली हत्यारे

नवा कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे कलम ४ उघडून पाहा. कोणत्याही परिसरात राहते घर बांधणे, मिळवणे किंवा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणूक करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे. आणि "पुरावा काय?" या प्रश्नाचे उत्तर कलम १२ मध्ये आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर येतो. राहायला गेल्यावर जात कळली आणि घर सोडायला भाग पाडले, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(झेड) आहे.

"आपण बौद्ध आहोत, मग हे कायदे आपल्याला लागू होतात का?" असे नागपुरात अजूनही विचारले जाते. होतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचा समावेश केंद्राच्या यादीत झाला आहे. दाखला नीट ठेवा आणि धम्म अभिमानाने सांगा.

अडचण अशी की नकार एकट्याला मिळतो आणि तो एकटाच घरी परततो. अमेरिकेत यावर संघटनांनी उपाय शोधला. एकाच घरासाठी आधी काळ्या आणि मग गोऱ्या माणसाला पाठवायचे, दोघांना काय उत्तर मिळाले ते लिहून ठेवायचे. असे तपासनीस म्हणून गेलेल्या व्यक्तीलाही खोटी माहिती मिळाल्याबद्दल दाद मागता येते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले. आपल्या विद्यार्थी संघटनांना हे अवघड नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. दोन मुले, दोन आडनावे, एकच पाटी. तारीख, वेळ, पत्ता, उत्तर. शंभर नोंदी झाल्या की "तुमचा गैरसमज झाला असेल" हे म्हणणे कोणाला जमणार नाही.

आपल्याही दाराची तपासणी

आता कटू बोलते. आपल्यातही घरमालक तयार झाले आहेत. ते मातंग, वाल्मीकी कुटुंबाला खोली देतात का? मुस्लिम विद्यार्थ्याला देतात का? एकट्या राहणाऱ्या मुलीला "रात्री किती वाजता येणार" हा प्रश्न आपल्याच वस्तीत किती तोऱ्यात विचारला जातो? समतेचा कायदा मागणाऱ्याच्या घरात तो आधी लागू झाला पाहिजे. नाहीतर आपली मागणी हक्काची राहणार नाही, फक्त स्वतःपुरती सोय होईल.

काहीजण म्हणतील, आपल्याच वस्त्या मजबूत करू, त्यांच्या दारात जायचेच कशाला? इंदोऱ्याने चळवळ जगवली, हे खरे आहे. पण आवडीने आपल्या माणसांत राहणे वेगळे आणि दुसरीकडे दार बंद म्हणून परत येणे वेगळे. पहिल्यात निवड आहे. दुसरा गावकुसाबाहेरचा जुनाच नियम आहे, फक्त शहरात आलेला.

मागणी काय?

भाडे हा राज्याच्या अधिकारातला विषय आहे, दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. खासगी माणसांच्या वागण्यावर राज्य कायदा करू शकते, हे महाराष्ट्रानेच सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करून दाखवले आहे. तेव्हा मागणी साधी आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमात दुरुस्ती करा. जात, धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती यावरून किरायाने घर नाकारणे आणि तशी जाहिरात करणे बेकायदा ठरवा. दलाल, अ‍ॅप आणि सोसायटी यांनाही जबाबदार धरा. तक्रारीचा निकाल ठरावीक मुदतीत लावा, कारण खोली शोधणारा माणूस तीन वर्षे तारखा करू शकत नाही.

दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला अख्खे विधिमंडळ आपल्या शहरात येते आणि मोर्च्यांच्या मागण्यांनी रस्ते भरून जातात. येत्या अधिवेशनात एक मोर्चा या मागणीचा असू द्या, हातात त्या शंभर नोंदी घेऊन. लंडनच्या घरासाठी ज्या सरकारला पैसे सापडले, त्याला नागपुरातल्या खोलीसाठी एक कलम लिहायला सांगू.

जयभीम.